जीज बेंडच्या वाकळा

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात अलाबामा नदी एके ठिकाणी घोड्याच्या नालेसारखे वळण घेते. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूने बाहेर पडायला एक रस्ता. या वळणातल्या वस्तीला जीज बेंड म्हणतात. जोसेफ जी नावाच्या गोऱ्या जमीनदाराने 1816 साली येथे कापसाचा मळा घातला. पुढे तो मार्क पेटवे याच्या हाती गेला. त्याने नॉर्थ कॅरोलिनाहून शंभराच्या आसपास गुलाम पायी चालवत आणले. गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली, पण मालकाचे आडनाव गुलामांना चिकटले ते चिकटलेच. आजही तेथे घरोघरी पेटवे भेटतात. मालकाचे नाव पतवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर!

वाचक भगिनींनो, या वस्तीतल्या बाया वाकळा शिवतात. आपल्या आया-आज्या जुन्या लुगड्या-धोतरांच्या शिवत आल्या, तशाच. पुरुषांच्या कामाच्या विजारी, फाटके सदरे, पिठाची आणि खताची पोती, जे हाती लागेल ते कापायचे, जोडायचे, आत कापूस घालायचा आणि धावदोरा घालायचा. घरे लाकडी फळ्यांची, फटींतून वारा येई. म्हणून भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवीत आणि अंगावर एकावर एक वाकळा घेत. चौकोनात चौकोन बसवलेल्या एका नमुन्याला त्या घराचे छप्पर म्हणतात. कोणत्याही शाळेत हे शिकवले जात नव्हते. आईचे पाहून लेक शिकली.

1932 सालचा प्रसंग ऐका. कापसाचे भाव पडलेले. उधारीवर माल देणारा सावकार मेला आणि त्याच्या विधवेने वसुली काढली. साठावर कुटुंबांची जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य, सारे गाड्यांत भरून नेले. त्या हिवाळ्यात रेड क्रॉसने शिधा पाठवला म्हणून माणसे जगली.

मिसूरी पेटवे या बाईची 1942 सालची वाकळ मला सर्वांत मोठी वाटते. नवरा वारला, तेव्हा तिने त्याचे शेतातले कपडे उसवून त्यांची वाकळ केली. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखाली निजावे, एवढाच हेतू, असे पुढे तिच्या लेकीने सांगितले. निळे, करडे, विटलेले तुकडे. राबणाऱ्या माणसाचा इतिहास बखरीत नसतो, तो असा विजारीच्या गुडघ्यावर असतो.

त्या सुमारास केंद्र सरकारने तो मळा विकत घेऊन या कुटुंबांना कमी व्याजाच्या कर्जावर जमिनी दिल्या. याचे मोल पुढे कळले. मतदारयादीत नाव घालायला जाणाऱ्या काळ्या कुळांना आसपासच्या गोऱ्या जमीनदारांनी हुसकून लावले. जीज बेंडकरांना हुसकणार कोण? जमीन त्यांच्या नावावर होती. मग दुसरा उपाय निघाला. मतनोंदणीचे कार्यालय पलीकडच्या कॅम्डेन गावी. 1962 साली नदीवरची तर बंद करण्यात आली. काही मिनिटांच्या अंतरासाठी तासभराचा मोटारीचा वळसा पडू लागला. मोटार असेल त्याला! तरीही माणसे गेली. फेब्रुवारी 1965 मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग येथे येऊन बोलले. 1966 साली परिसरातल्या बायांनी शिवणाची सहकारी संस्था काढली आणि त्यांच्या हाती स्वतःचा पैसा खेळू लागला. तर मात्र 2006 साली सुरू झाली, म्हणजे 44 वर्षांनी.

त्याआधी 2002 साली या वाकळा ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या. 2006 साली त्यांची दहा टपाल तिकिटे निघाली. आनंदाचीच गोष्ट. पण मी हिशेबाच्या टेबलावर बसणारा माणूस. माझा पहिला प्रश्न, पैसा कोणाला मिळाला? तोच प्रश्न घेऊन 2007 साली तिथल्या काही बाया न्यायालयात गेल्या. वाकळांचे नमुने पुढे गालिच्यांवर, चादरींवर छापले गेले. त्याचा आमचा वाटा कुठे, असा त्यांचा दावा होता. 2008 साली तडजोड झाली.