गादीशेजारी उभा माणूस

दीपा कर्माकर सहाएक वर्षांची असताना आगरतळ्यात जिम्नॅस्टिक्स शिकायला लागली, तेव्हा भीती तिला नव्हती, मोठ्यांना होती. तिचे तळपाय सपाट होते. उडीनंतर जमिनीवर उतरताना बसणारा धक्का पायाची कमान झेलते. कमानच नसली की तो थेट घोट्यावर आणि गुडघ्यावर जातो. ही मुलगी जिम्नॅस्ट होणं शक्य नाही, असं तिच्या तोंडावर सांगितलं गेलं. वडील दुलाल कर्माकर वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आधी सोमा नंदी आणि मग त्यांचे पती बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली मुलगी शिकत राहिली. बिश्वेश्वर नंदी तिच्या निवृत्तीपर्यंत सोबत राहिले.

या खेळातल्या मुलाची स्वतःची भीती सहसा उशिरा येते. सहाव्या वर्षी पोरं कशावरूनही उड्या मारतात. अकरा-बाराव्या वर्षी मात्र एखादी मुलगी, दोन वर्षं रोज मारलेली उलटी कोलांटी अचानक मारेनाशी होते. बीमच्या अरुंद पट्टीवर उभी राहते, हात वर करते, गुडघे वाकवते आणि तिथेच थांबते. पुन्हा हात वर, पुन्हा थांबणं. कधी कारण सापडतं: मैत्रिणीला पडताना पाहिलेलं असतं, किंवा सहा महिन्यांत उंची वाढल्याने शरीराचा अंदाज चुकायला लागलेला असतो. कधी कारण सापडतही नाही. मागे जाणाऱ्या उड्यांत हे जास्त होतं, कारण झेप घेताना पुढचा आधार डोळ्यांना दिसत नाही.

अशा वेळी अनुभवी प्रशिक्षक भाषण देत बसत नाहीत. ते उंची कमी करतात. १२५ सेंटिमीटरच्या बीमवरून तिला खालच्या बीमवर आणतात, तिथेही अडलं तर जमिनीवर आखलेल्या रेघेवर. मग पुन्हा उंच बीम, पण दोन्ही बाजूंनी गाद्या बीमच्या पातळीपर्यंत रचून. मग एकेक गादी काढत जायची. तीच गत हाताची. आधी पाठीखाली आणि मांडीखाली पक्का आधार, मग नुसता स्पर्श, मग स्पर्शही नाही, फक्त शेजारी उभं राहणं. यात एक पथ्य कडक असतं. ‘धरतो’ म्हटलं की धरायचंच. ‘बघ, मी हात काढला होता आणि तू केलंस!’ ही युक्ती एकदा चालते. त्यानंतर मुलगी उडीसोबत सरांनाही भिऊ लागते.

आगरतळ्यात उतरत्या क्रमाने काढून घेण्याएवढ्या गाद्याच नव्हत्या. विवेकानंद व्यायामागारात नंदींनी भंगारातल्या स्कूटरचे सुटे भाग लावून उसळी घेणारी फळी बनवली होती. त्या काळात भारतात जिम्नॅस्टिक्सकडे कुणाचं फारसं लक्षही नव्हतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आशिष कुमारने पदकं मिळवली, तेव्हा या खेळात आपल्याला काही मिळू शकतं हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं. दीपा त्या स्पर्धेतून रिकाम्या हाताने परतली.

पुढे नंदींनी तिच्यासाठी जी उडी निवडली, तिला जगभरातले वार्ताहर ‘मृत्यूची उडी’ म्हणत. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हाने १९९९ मध्ये ती पहिल्यांदा यशस्वी करून दाखवली, म्हणून त्या उडीचं नाव प्रोदुनोव्हा. धावत येऊन फळीवरून उसळायचं, हात व्हॉल्टच्या टेबलावर टेकवून शरीर उलटं करायचं आणि टेबल सोडल्यावर हवेत पुढच्या दिशेने दोन पूर्ण कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचं. पुढच्या दिशेने फिरताना जमीन डोळ्यांना फार उशिरा दिसते. फिरकी कमी पडली तर मान किंवा पाठ आधी टेकते. त्या वेळच्या गुणनियमांत या उडीची काठिण्यपातळी ७.० होती, इतर व्हॉल्टपेक्षा बरीच वर. ज्या देशात साधनं नाहीत, पाया लवकर घातलेला नाही, तिथल्या मुलीला जगातल्या पहिल्या दहांत आणायचं तर काठिण्याचे गुण हाच जवळचा रस्ता होता. हिशेब धाडसी होता, आणि थंड डोक्याने केलेला होता.

त्या हिशेबातली जोखीम मात्र मुलीच्या मानेवर होती. इथे कुठलाही प्रशिक्षक ज्या कड्यावर उभा असतो, त्याच्या खाली काय आहे हे येलेना मुखिनाच्या बाबतीत दिसतं. १९७८ ची सोव्हिएत विश्वविजेती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला आणि तो नीट भरून येण्याआधीच मॉस्को ऑलिम्पिकच्या तयारीसाठी तिला सरावाला उतरवलं गेलं. तिच्या फ्लोअरच्या रचनेत थॉमस साल्टो होता: हवेत गिरकी आणि कोलांटी घेऊन पुढे लोळत जमिनीवर येणं. आपण एक दिवस मान मोडून घेणार, असं तिने प्रशिक्षक मिखाईल क्लिमेंको यांना वारंवार सांगितलं होतं. तुझ्यासारख्या मुलींच्या माना मोडत नसतात, असं उत्तर मिळाल्याचं तिने पुढे मुलाखतीत सांगितलं. ३ जुलै १९८० रोजी मिन्स्कमध्ये सराव करताना फिरकी कमी पडली आणि ती हनुवटीवर आदळली. मुखिना २० वर्षांची होती. मानेखालचं शरीर लुळं पडलं ते कायमचं. २००६ मध्ये ती गेली. महिलांच्या फ्लोअरवरून ती उडी हद्दपार झाली.

मुखिनाची भीती हा मनाचा कमकुवतपणा नव्हता. अर्धवट भरलेल्या पायाने पुरेशी उसळी मिळत नाही, हे तिचं शरीर सांगत होतं. प्रशिक्षकाने ते घाबरटपणाच्या खात्यात टाकलं.

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमधलं दृश्य याच्या अगदी उलट म्हणून वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. अमेरिकेची १८ वर्षांची केरी स्ट्रग पहिल्या व्हॉल्टला पडली, घोटा दुखावला. कडेला उभे असलेले प्रशिक्षक बेला कारोली तुला जमेल, तुला जमेल म्हणून ओरडत होते. तिने दुसरी उडी मारली, एका पायावर तोल सावरला आणि कोसळली. कारोली तिला उचलून पदकसमारंभाला घेऊन गेले. अमेरिकेला सांघिक सुवर्ण मिळालं. गुणांचा हिशेब लागल्यावर कळलं की ती दुसरी उडी नसती तरी सुवर्ण मिळालंच असतं. टाळ्या इतक्या जोरात होत्या की या हिशेबाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

भीती घालवण्याची आणखी एक जुनी रीत आहे, आणि ती अनेक देशांत चालली: बीमपेक्षा सरांची भीती मोठी करायची. ओरडणं, वजनावरून टोमणे, दुखतंय म्हणणारीला नाटकी ठरवणं. पोरगी उडी मारते, कारण न मारण्याचे परिणाम तिला जास्त भयंकर वाटतात. ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट यांच्या चौकशी समितीकडे चारशेहून अधिक जणांनी म्हणणं मांडलं आणि २०२२ च्या अहवालात हा छळ एखाददुसऱ्या क्लबपुरता नसल्याचं स्पष्ट झालं. या रीतीत मुलगी खोटं बोलायला शिकते. दुखणं लपवते, घाबरले नाही असं सांगते. प्रशिक्षकाला जी माहिती सगळ्यात आधी मिळायला हवी, तीच त्याच्यापर्यंत पोहोचेनाशी होते.

नंदी कडक होते, यात शंका नाही. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दीपाने प्रोदुनोव्हा मारून कांस्य घेतलं. राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. ऑलिम्पिकला पात्र ठरणारी पहिलीही तीच. रिओमध्ये ९ ऑगस्ट २०१६ ला, म्हणजे व्हॉल्टच्या अंतिम फेरीच्या पाच दिवस आधी, तिचा तेविसावा वाढदिवस आला. नंदींनी तिच्या फोनमधलं सिमकार्ड काढून ठेवलं होतं. आईवडिलांखेरीज कुणाशी बोलणं नाही. या बंदोबस्ताची तेव्हा कौतुकाने बातमी झाली. त्यात एक व्यवहारी समज होती: प्रोदुनोव्हाची भीती सरावाने बोथट करता येते, पण एकाएकी अंगावर येणाऱ्या कोट्यवधींच्या अपेक्षेचा सराव कुठल्याच व्यायामशाळेत होत नाही. तरीही एक प्रश्न उरतो. तेवीस वर्षांच्या बाईचं सिमकार्ड कुणी काढून ठेवावं का? या नात्यात काळजी आणि ताबा यांच्यातली रेघ पुष्कळदा पुसट असते, आणि ती कुठे आहे हे बाहेरच्याला ठरवता येत नाही.

१४ ऑगस्टला ती उडी झाली. दीपा पायांवर उतरली, पण इतकी खाली बसली की गादीला जवळजवळ टेकलीच. दोन उड्यांची सरासरी १५.०६६, चौथा क्रमांक. कांस्य जिंकणाऱ्या ज्युलिया स्टाइनग्रुबरचे गुण १५.२१६. सुवर्ण अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला गेलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान जिम्नॅस्टने प्रोदुनोव्हाच्या वाटेला न जाणंच पसंत केलं होतं.

पाच वर्षांनी टोकियोत बाइल्सची पाळी आली. २७ जुलै २०२१ रोजी सांघिक अंतिम फेरीत अडीच गिरक्यांची उडी घेताना हवेत तिची दिशाच हरवली; दीड गिरकीवर ती कशीबशी उतरली आणि त्या फेरीतून बाजूला झाली. जिम्नॅस्ट या अवस्थेला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. प्रशिक्षक सेसिल आणि लॉरां लांडी तिच्या निर्णयाच्या आड आले नाहीत. आठवडाभराने बीमवर, गिरकी नसलेल्या उडीने शेवट करून, तिने कांस्य मिळवलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं स्ट्रगचं दृश्य तेव्हा लोकांनी पुन्हा पाहिलं, या वेळी वेगळ्या नजरेने.

त्याहून बोलकी गोष्ट २०२३ च्या अँटवर्प विश्वस्पर्धेतली. बाइल्स मागच्या दिशेने, गुडघे ताठ ठेवून दोन कोलांट्यांची व्हॉल्ट मारत होती. स्त्रियांमध्ये विश्वस्पर्धेत ती आधी कुणी केली नव्हती. लॉरां लांडी उतरण्याच्या गादीवर उभे होते. फिरकी कमी पडली तर धक्का देऊन तिला मानेवर पडू न देण्यासाठी. प्रशिक्षक गादीवर असला की नियमानुसार अर्धा गुण कापला जातो. तो कापला जाणार हे दोघांना ठाऊक होतं. लांडींचा हात तिला लागलाही नाही. पुढच्या वर्षी पॅरिसला ते गादीवर नव्हते.

अर्धा गुण म्हणजे रिओत दीपा आणि कांस्य यांच्यात जेवढं अंतर होतं, त्याच्या तिपटीहून जास्त. एवढी उधळपट्टी बाइल्सला परवडते, कारण तिच्याकडे गुणांची शिल्लक आहे. आगरतळ्याच्या जोडीकडे ती नव्हती. म्हणून भीती कशी हाताळायची हा प्रश्न निव्वळ प्रशिक्षकाच्या स्वभावाचा राहत नाही. फोमने भरलेला खड्डा, जाड गाद्या, फिजिओ, पर्यायी उडी शिकायला लागणारी वर्षं हे सगळं असलं की सावधपणा सोपा जातो. आंतरराष्ट्रीय महासंघाने नंतर प्रोदुनोव्हाचे गुण उतरवले. उडी तेवढीच धोकादायक राहिली, पण तिच्यासाठी जीव टांगणीला लावण्याचं आमिष कमी झालं.

२०१७ मध्ये दीपाच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. परतीच्या वाटेवर नंदींनी प्रोदुनोव्हा बाजूला ठेवली आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सीनला विश्वचषक मालिकेत तिने त्या उडीविनाच सुवर्ण घेतलं. त्यानंतर पुन्हा दुखापती, मग उत्तेजक चाचणीवरून २१ महिन्यांची बंदी. मे २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं. हे करणारी ती पहिली भारतीय. तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती आणि प्रोदुनोव्हा तिच्या यादीत नव्हती.

७ ऑक्टोबर २०२४ ला तिने निवृत्ती जाहीर केली. शरीराला अजून ताणता येईल असं ताश्कंदपर्यंत वाटत होतं, पण शरीर थांब म्हणतंय आणि मन ऐकत नाही, अशा अर्थाचं तिने लिहिलं. पुढे कधीतरी मुलींना शिकवायला आवडेल, असंही. ती शिकवायला उभी राहिलीच, तर धावपट्टीवर अर्ध्यात थांबलेली एखादी मुलगी तिच्याकडे वळून बघेल, आणि तिला उंच गाद्यांवर परत पाठवायचं की आणखी एकदा धावायला सांगायचं, हे दीपाला तिथल्या तिथे ठरवावं लागेल.