गोवर्धनची वाट आणि शुक्रवारचा तास

नाशिक म्हटले की आपल्या लोकांना काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आठवतो, नाहीतर त्रिरश्मी लेणी. गेल्या हिवाळ्यात आम्ही नाशिकला गेलो ते मात्र मुक्त विद्यापीठ पाहायला. बरोबर आमच्या वस्तीतली एक मुलगी, तिचे वडील आणि मंडळाचे एक जुने कार्यकर्ते होते.

मुलगी अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहे आणि घरी बसून बी.कॉम. करते. पुस्तके मोबाईलवर, व्हिडिओ मोबाईलवर. बाकीचे पेपर निघाले, कॉस्टिंग दोनदा राहिले. एका खासगी क्लासवाल्याने पास करून देतो म्हणून सहा हजार रुपये घेतले आणि झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला. आम्हीही बी.कॉम., पण आमचे कॉस्टिंग वीस-बावीस वर्षांपूर्वीचे, आणि नोकरी गेली आवक-जावक रजिस्टरात. वडील म्हणाले, "दादा, आता पुढची फी मी भरत नाही. एकदा तिकडे विचारून येऊ. काही मार्ग निघाला तर ठीक, नाहीतर तिने शिक्षण सोडावे." मुलगी काही बोलली नाही, पण तिने रजा टाकली आणि एक दिवसाचा पगार घालवला.

कल्याणहून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरली. कसाऱ्याला घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, ते मुलीच्या वडिलांनी आम्हाला दोनदा सांगितले. ते पूर्वी रेल्वेत ठेकेदाराकडे होते. नाशिकरोड स्टेशनपासून शहर आठ-नऊ किलोमीटर दूर, आणि तेथून गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यांच्या वाटेवर गोवर्धन गाव. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद.

आत गेल्यावर पहिल्यांदा थोडे चुकल्यासारखे झाले. कॉलेज म्हटले की पोरांचा घोळका, कट्टा, चहाची टपरी. येथे शांतता. लाखो विद्यार्थी आहेत, पण ते राज्यभर आपापल्या घरी, कामावर, शेतात. चौकशीच्या ठिकाणी बसलेल्या बाईंनी मुलीला शेजारी बसवून घेतले आणि तिची प्रवेशाची पावती पाहिली. म्हणाल्या, "ताई, तुझे शिक्षक येथे नाहीत. ते तुझ्या अभ्यासकेंद्रावर आहेत. केंद्राचे नाव येथेच छापलेले आहे." ते केंद्र म्हणजे स्टेशनापासून दहा मिनिटांवरचे एक साधे कॉलेज! वडील उसासा टाकून म्हणाले, "एवढा घाट चढून आलो, आणि मास्तर आमच्या दारातच?"

या विद्यापीठात शिकवणाऱ्यास संमंत्रक म्हणतात. शब्द अवघड आहे, म्हणून आपली पोरे तेथेच घाबरतात. संमंत्रक हे बहुतेक नेहमीच्याच कॉलेजातले प्राध्यापक असतात आणि रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी तास घेतात. मुलीला तास असतात हे ठाऊक होते. अडचण अशी की तिच्या कारखान्याची सुट्टी शुक्रवारी. रविवारचा खाडा म्हणजे पगार कापला. ही अडचण कोणाला सांगायची असते, हेच तिला माहीत नव्हते.

पुढच्या शुक्रवारी आम्ही तिला घेऊन केंद्रावर गेलो. कॉस्टिंगचे सर भेटले. त्यांनी पुस्तक उघडलेच नाही. विचारले, "तू काय काम करतेस?" ती म्हणाली, बाटल्या डब्यात भरते. सर म्हणाले, "म्हणजे तुझी मजुरी मालाला थेट लागते. ती प्रत्यक्ष मजुरी, मूळ परिव्ययात धर. आता तुमच्या सुपरवायझरचा पगार?" तिने तोही तेथेच धरला होता. सर हसले. "तो एका बाटलीला लागत नाही, सगळ्या खात्याला लागतो. तो कारखाना खर्चात." मग त्यांनी डबा आणि लाकडी खोका यांतला फरक सांगितला. माल ज्यात विकला जातो तो डबा प्रत्यक्ष मालात येतो आणि वाहतुकीसाठी वरून लावलेला खोका विक्री व वितरण खर्चात. मुलगी एकदम म्हणाली, "सर, मग खोके ठोकणारा शिवादादा माझ्या रकान्यात नाही!" दोनदा अडलेला तक्ता तिने त्या दिवशी स्वतः मांडला. आम्हीही मागे बसून वहीत उतरवून घेतला.

सरांनी शुक्रवारी संध्याकाळी एक तास द्यायचे कबूल केले. शिवाय, अडलेले उदाहरण वहीत सोडवून त्याचा फोटो पाठवायचा, मग ते रात्री नऊनंतर मोबाईलवर समजावतील. अट एकच, 'समजत नाही' एवढेच लिहायचे नाही. कोणत्या ओळीवर अडले ते लिहायचे.

आमच्या आधीच्या पिढीतले कितीतरी जण फोर्टातल्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग करून मग ऑफिस गाठत. त्यांना वर्ग होता, शेजारी बाक होता. मोबाईलवर शिकणाऱ्याला बाक शोधावा लागतो.

पालकांनी एक लक्षात घ्यावे. दूरशिक्षणाला अभ्यासकेंद्र असते. पूर्ण ऑनलाईन पदवीला ते असेलच असे नाही, शिक्षक पडद्यावरच भेटतात. म्हणून फी भरण्याआधी विचारावे की अडले तर कोणाला विचारायचे आणि उत्तर किती दिवसांत मिळते. अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहावे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पुस्तके 'ई-ज्ञानकोश'वर फुकट मिळतात. २०१७ पासून सरकारच्या 'स्वयम्' वर व्हिडिओ आहेत आणि प्रश्न विचारायची सोयही आहे. क्लासवाल्याला सहा हजार देण्याआधी हे पाहावे.

वडिलांनी फी भरली आहे. आता शुक्रवारच्या तासाला वस्तीतल्या आणखी तिघी जातात. विहारामागच्या अभ्यासिकेत रोज रात्री आठ ते दहा दिवा चालू ठेवतो. कॉस्टिंगची सोय झाली. संख्याशास्त्र शिकवणारे मात्र आमच्याकडे कोणी नाही. जवळपास कोणी निवृत्त शिक्षक किंवा बँकेतले बंधू-भगिनी असतील, तर त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. शुक्रवार सोडून कोणताही वार चालेल. जयभीम.