नाव नसलेल्या फाइली

लग्नसराईत आमच्या वारली पट्ट्यात सायवनपासून तलासरीपर्यंत कुठल्याही पाड्यावर रात्री थांबा, लांबून तीच गाणी ऐकू येतील. मीही तीच लावतो. बारा वर्षं डीजे वाजवतोय आणि हेच मला सलतं. ज्यांच्या तारखा दिवाळीतच भरतात ते नावाजलेले डीजेसुद्धा एकमेकांचे पेनड्राइव्ह उतरवून घेतात. हिंदी, थोडी मराठी, गुजरात सीमेपलीकडची टिमली गाणी आणि शेवटी ‘वारली नॉनस्टॉप’.

लोकांनाच हे हवं असतं, असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. आम्ही गाणी निवडतो ती ठेक्यावरून. एकाचा ठेका दुसऱ्यावर बसला की नाच तुटत नाही. मग एकाच वेगाची गाणी साठत जातात आणि बाकीचे कलाकार गळतात. फुंकून वाजवायचा आमचा तारपा इथेच मागे राहतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान, मेण. प्रत्येक तारपा हाताने घडलेला, त्यामुळे दोन तारप्यांचा सूर सहसा तंतोतंत जुळत नाही. सॉफ्टवेअरने ताणून बसवला तर त्यातला घोगरा दम जातो.

भातकापणीनंतर एका रात्री मी तारपा वाजवणाऱ्याच्या अगदी जवळ उभा होतो. गाल फुगलेले, श्वास नाकाने आत, फुंक तोंडाने बाहेर, सूर एकदाही तुटला नाही. बोटं फिरली की चाल बदले, चाल बदलली की नाचणाऱ्यांच्या गोलातले पाय बदलत. दमलेला गोल त्याने संथ केला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला. मी दोन फेडरवर जे करतो ते हा एका दमात करत होता!

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून तारप्याच्या नाचाचा हा गोल जगाने पाहिला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांनाही २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमच्या पेनड्राइव्हमध्ये मात्र फाइलचं नाव ‘वारली मिक्स ४’. गळा कुणाचा, तारपा कुणाचा, काही कळत नाही. बीबीसी रेडिओवर जॉन पील यांनी १९६७ ते २००४ कुणी न ऐकलेल्यांची गाणी लावली, आणि गाणं कुणाचं ते सांगून लावली. तेवढं तरी आम्हाला जमायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात एका मांडवात लग्नाची गाणी गाणारी धवलेरी लग्नचौकाच्या चित्राजवळ गात होती. माझे टॉप स्पीकर तिच्याच दिशेला. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. मी फेडर खाली ओढला. पोरं ओरडली. तिने गाणं थांबवलंच नव्हतं. मधल्याच कुठल्याशा ओळीत होती.

तेव्हापासून मी वेगळा फोल्डर केलाय. वाजवणाऱ्याला विचारून रेकॉर्ड करायचं, फाइलला त्याचं नाव आणि पाडा द्यायचा. आतापर्यंत अकरा झाल्या. त्या धवलेरीनेही गाऊन दिलं, पण खाली बीट घालायचा नाही, असं बजावून. तिची फाइल मी मांडवात लावत नाही. ती समोर गात असते तेव्हा फेडर खाली असतो.