राखेतली अंगठी

१८ जुलै
आज अण्णाभाऊ साठे यांचा स्मृतिदिन. १९६९ साली गेले, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. वर्गात त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचून दाखवली. पोरं श्वास रोखून ऐकतात, पण प्रश्न विचारला की माझ्याच तोंडाकडे बघतात. सर सांगतीलच, ही खात्री. आता उत्तरं त्यांनीच हुडकायची. खजिन्याचा खेळ मांडतो.

२२ जुलै
पहिला डाव फसला. बाकाखाली, फळ्यामागे, माठाजवळ चिठ्ठ्या लपवल्या होत्या. कथेतला भीमा कोणत्या नदीकाठचा? मुंबईत काम कसलं मिळालं? एकाला ‘वारणा’ सापडली की बाकीच्यांनी उतरवून घेतलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं, पुस्तक धड कोणी उघडलंच नाही. चूक माझ्या प्रश्नांची.

रात्री जागून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. पोटासाठी स्मशानाच्या राखेत सोनं शोधणं कुठे संपतं आणि चटक कुठे लागते, ते वाक्य शोधा. भीमाला मेलेल्यांपेक्षा जगण्याची भीती वाटते, हे कशावरून? ओळीवर बोट ठेवल्याशिवाय पुढची चिठ्ठी नाही, एवढाच नियम.

२४ जुलै
शिपाईमामांनी घरून चुलीची राख आणली, घमेलंभर. तिच्यात पितळेची अंगठी पुरली आणि शेजारी पिठाची जुनी चाळणी ठेवली. एक मुलगी उकिडवी बसून चाळू लागली. हात कोपरापर्यंत पांढरे, पापण्यांवरही राख. अंगठी चाळणीत खणकली तशी ती ‘सोनं!’ म्हणून ओरडली. सगळा गट नाचला. मग घमेल्याखालची चिठ्ठी तिने उलगडली. ‘ही कोणाची होती?’

ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सर, आजी गेली तेव्हा बाबांनी तिच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवला होता.”

भीमा प्रेताचा जबडा का उघडतो, हे मी इतकी वर्षं ‘तशी प्रथा असते’ एवढ्यावर उरकत आलो. आज कोणालाच सांगावं लागलं नाही. अंगठी सापडल्याचा तो आनंद खरा होता, म्हणूनच चिठ्ठी इतकी लागली. चिठ्ठी आधी दिली असती तर काही उपयोग नव्हता.

२६ जुलै
शेवटची चिठ्ठी : भीमा जिथे राबत होता, ती बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली, ही तर चांगली बातमी. मग भीमा रडतो का?

दोन गटांनी ‘पश्चात्ताप’ लिहिलं. ओळ दाखवा म्हटल्यावर अडले. मागच्या बाकावरचा एकजण उठला. त्याचे वडील खडीच्या खाणीत आहेत. एरवी तो तोंड उघडत नाही. माझ्या टेबलावरची लाकडी फूटपट्टी त्याने उचलून माझ्या हातात दिली, भीमाची दोन बोटं तुटली तशी माझी दोन बोटं त्यानेच दुमडली.

“ही पहार समजा, सर. आता घाला घाव.”

मी पट्टी टेबलावर आपटली. ती मुठीत फिरली आणि निसटून खाली पडली.