मशीन चालवणारे आपण, मशीनचे मालक कोण?

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने एक लाख दहा हजारांना जुनं लेथ मशीन घेतलं. नात्यातल्या, विहारातल्या, ओळखीच्या कार्यकर्त्यांचा प्रश्न एकच होता : "एवढ्या पैशात दुसरं काही नसतं का करता आलं?" कुणी म्हणालं गाडी घ्यायची, कुणी म्हणालं क्लास लावून पुन्हा परीक्षा द्यायची. भाऊ आयटीआयचा टर्नर. बारा वर्षं भोसरीत कंत्राटावर. दर काही महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा नव्याने रुजू. हात त्याचे, मायक्रॉनमधला अंदाज त्याचा. मशीन मात्र कायम दुसऱ्याचं.

मित्रांनो, यंत्र जातीला ओळखत नाही असं आपल्याला शिकवलं जातं. इतिहास वेगळं सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई! 1928-29 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी दाखवून दिलं, की आपली माणसं गँगमन म्हणून राबतात, वर्कशॉपमधल्या कुशल जागांवर मात्र फारशी दिसत नाहीत. आणि 1942 साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची आणि सरकारी छापखाने, रेल्वे वर्कशॉप इथे उमेदवारीची मागणी केली. वकिली आणि कलेक्टरकी बाबासाहेबांनी सांगितली हे आपण पाठ केलं; वर्कशॉप सांगितलं ते विसरलो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला : हातची कामं सोडा असं बाबासाहेब म्हणाले होते ना? सोडायची होती ती जातीने लादलेली, बिनपगारी, अपमानाची कामं. मेलेली ढोरं ओढणं आणि ड्रॉइंग वाचून शाफ्ट काढणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. श्रम हलके नसतात, लादलेले श्रम हलके केले जातात. हा फरक आपणच पुसला तर मनुवादाचंच काम सोपं होतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : ही दलित भांडवलशाहीची भाषा नाही का? एक लेथ घेऊन खासगीकरण थांबत नाही, कंत्राटी पद्धत संपत नाही, हे मान्य. मशीन हा आरक्षणाला पर्याय नाही आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा. पण ज्याच्या घरची चूल ठेकेदाराच्या मर्जीवर पेटते, तो मोर्चात किती दिवस टिकेल? पोटाचं थोडं स्वातंत्र्य असलेला माणूस ताठ उभा राहतो, हे मी वस्तीत काम करताना रोज पाहते.

आता व्यवहार. बँकेने जुन्या मशीनवर कर्ज नाकारलं. एका व्यापाऱ्याने मशीन दाखवण्याआधी आडनाव आणि गाव विचारलं. आम्ही दुसरीकडे गेलो. पैसे भावाची बचत आणि वहिनीच्या बचत गटातून उभे राहिले. नव्या रंगाला भुलू नका, हे भावाने आधीच बजावलं होतं. बेड चकजवळ सगळ्यात जास्त झिजतो. सॅडल तिथे सैल आणि टेलस्टॉककडे घट्ट सरकत असेल तर झीज खोल आहे. चकात जाड रॉड धरून वर उचलायचा आणि डायल गेजवर स्पिंडलचा खेळ बघायचा. क्रॉस स्लाइडचं हँडल किती मोकळं फिरतं, गिअरचे दात शाबूत आहेत का, हे पाहायचं. शेवटी वीतभर रॉडवर हलका कट मारून दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजायची. फरक आला तर भाव पाडा, नाहीतर उठून या. मोटर सिंगल फेज की थ्री फेज तेही आधीच विचारा. घरगुती मीटरवर धंद्याचं मशीन चालवू नका, रीतसर जोडणी घ्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आज भाऊ पिना, बुश, छोटे शाफ्ट काढतो. काम कधी भरपूर असतं, कधी आठवडा कोरडा जातो. मिलिंग मशीन अजून लांब आहे. स्लॉटचं काम बाहेरून करून घ्यावं लागतं आणि नफा तिथेच जातो.

म्हणून माझी सूचना आहे. प्रत्येक वस्तीत आयटीआय झालेली चार पोरं सापडतील. एकट्याला न परवडणारं मशीन चौघांना परवडतं. जयंतीला डीजेसाठी जी वर्गणी एका रात्रीत उडते, तिचा हिशेब एकदा मंडळाच्या बैठकीत मांडा आणि सामुदायिक वर्कशॉपचा ठराव ठेवा. विरोध होईल, होऊ द्या. शिकलो, संघटित झालो असं म्हणतो ना आपण? मग हत्यारं-अवजारं आपल्या मालकीची का नसावीत, याचं उत्तर त्या बैठकीत द्यावंच लागेल.

जय भीम!