गोळी सुटल्यानंतर

परतवाडा मागे पडले की धारणीची सडक सातपुड्याच्या घड्यांत शिरते. घटांग, सेमाडोह, हरिसाल अशी एकेक नावे येत जातात, गार वारा अंगाला लागतो आणि सागाचे रान दोन्ही अंगांनी मोटारीला लगटून चालू लागते. या रानातली नदी सिपना. कोरकू लोक सागालाच सिपना म्हणतात. तेव्हा नदीचे नाव आणि रानाचे नाव एकच.

या वाटेने मी प्रथम गेलो तो १९६७ च्या दिवाळीच्या सुट्टीत. वय वर्षे पंधरा. भाऊबीज आटोपली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मामांच्या जीपमध्ये जाऊन बसलो. पायाशी आईने दिलेला चकल्यांचा डबा आणि मांडीवर कापडात गुंडाळलेली मामांची रायफल. दोहोंपैकी अधिक जपायचे काय, हे मला कुणी सांगितले नव्हते. मी रायफल जपली. चकल्यांचा चुरा झाला.

मामा अमरावतीला वकिली करीत. त्या काळी जंगलखात्याचा परवाना काढून शिकार करता येत असे. रानाचा कोणता तुकडा, कोणते जनावर, किती, हे सारे त्या कागदावर लिहिलेले असे. मामांच्या परवान्यावर एक सांबर होते, नर.

शिकारीच्या गोष्टी आम्ही मुलांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. त्या सगळ्या गोळीपाशी संपत. “धाड्‌कन बार झाला आणि जनावर जागीच कोसळले,” इथे सांगणारा पानाला चुना लावू लागे. जे जनावर जागीच कोसळत नाही, त्याचे पुढे काय होते, हे दिवाणखान्यात कुणी सांगत नसे.

आमच्याबरोबर माग काढायला एक म्हातारा कोरकू होता. सगळे त्याला बाबा म्हणत. त्याच्या तोंडी कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी यांची खिचडी असे. पण बोलणे इतके थोडे, की खिचडीची शिते मोजून घ्यावीत. दुपारी चारच्या सुमारास एका नाल्याच्या काठावर झुडपाआड आम्ही तिघे बसलो होतो. समोरच्या सावलीतून सांबर बाहेर आले. भरदार, काळपट, मानेवर राठ केस, शिंगांना तीन-तीन फाटे. मामांनी नेम धरला. बार झाला, आणि पाठोपाठ ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा एक भद्द आवाज आला.

सांबर पडले नाही. त्याने पाठीची कमान केली, मागचे पाय एकदा झाडले आणि आखडत्या चालीने बांबूच्या बेटात शिरले.

“लागली!” म्हणत मामा उठले. बाबाने त्यांच्या धोतराचा सोगा धरला. एरवी त्या हाताने मामांना स्पर्शही केला नसता.

“बसा मालक. आपून बसलो तं थे बी बसते. आपून उठलो तं थे बी उठते.”

या दोन वाक्यांत माग काढण्याची निम्मी विद्या आहे, हे मला फार उशिरा उमगले. जखमी हरणाच्या पाठीवर लगेच धावून गेले, तर ते अंगातली सगळी शक्ती एकवटून मैल दोन मैल जाते. मागे कुणी नाही असे वाटले, तर जवळच्या दाटीत बसते. बसले की अंग आखडते, रक्त जाते, आणि बहुधा तिथेच त्याचा शेवट होतो.

किती वेळ थांबायचे, हे गोळी कुठे बसली त्यावर. काळजात बसली तर जनावर उसळी घेते, मान खाली घालून सुसाट सुटते आणि शंभरेक पावलांत कोसळते. तिथे थांबले काय, न थांबले काय, सारखेच. फुफ्फुसात बसली तर गुलाबी, फेसाळ रक्त पडते. यकृताचे रक्त गडद. पाय मोडला तर जनावर आधी पडते, पुन्हा उठते आणि फार लांब जाते. जे जागीच धाड्‌कन पडते, त्याचा मात्र भरवसा धरू नये. पाठीच्या कण्याला गोळी नुसती चाटून गेली, तरी ते असेच पडते आणि शिकारी मिशीवर ताव देत असताना उठून चालू लागते. सर्वांत वाईट पोटाची गोळी. तो भद्द आवाज, ती कमान, ती आखडती चाल, सगळे पोटाचेच. असे जनावर तासन्‌तास जगते.

बाबाने नाल्यात उतरून गोळी लागली ती जागा पाहिली. चिमटीत चार फिकट, पिवळसर केस धरून तो परत आला. पाठीवरचे असते तर काळपट आणि राठ असते. मग त्याने एक पान पुढे केले. पातळ रक्त आणि त्यात चघळलेल्या गवताचा हिरवा चोथा.

“आज नाई. सकायी.”

मामांना ते पटेना. रात्री वाघाने नेले तर? कोळसुंद्यांनी फाडले तर? वकील तो, त्याने मुद्दे मांडले. बाबाने मुद्दे खोडले नाहीत, नुसता खाली बघत राहिला. अखेर तडजोड झाली. तासभर थांबायचे, मग उजेड असेतो हळूहळू, आवाज न करता जायचे.

पाच वाजता आम्ही निघालो. बाबा मागावरून चालत नव्हता, मागाच्या कडेने चालत होता. एकदा तुडवला की माग पुन्हा वाचता येत नाही. जिथे रक्त दिसे तिथे तो एक फांदी मोडून ठेवी. पुढचा थेंब सापडला नाही, तर परत त्या फांदीपाशी यायचे. दिवाळीतले गवत कमरेएवढे. त्याच्या काड्यांना बाजूने पुसलेले रक्त असे. मला मात्र जिथे तिथे रक्तच दिसू लागले. सागाच्या पिकत्या पानांवर तांबडे ठिपके असतात, त्यांतला एक मी मोठ्या ऐटीने बाबाला दाखवला. त्याने बोट जिभेला लावले आणि ठिपक्यावर घासले. ठिपका जागेवरच राहिला. रक्त असते तर बोटाला आले असते. तो हसला नाही, याचे मला अजून बरे वाटते.

पाऊण तासात आम्ही जेमतेम दोनशे पावले गेलो असू. बाबा थांबला आणि त्याने तळवा खाली केला. आम्ही थांबलो. तो जमिनीकडे बघत होता, मामा त्याच्याकडे, आणि मी, पंधरा वर्षांचा, समोर. करवंदीच्या जाळीखाली ते बसलेले होते. तोंड आमच्याच बाजूला; जखमी जनावर आल्या वाटेकडे तोंड करून बसते. त्याचे कान आणि डोळे मला स्पष्ट दिसले.

“मामा, ते बघा! ते बघा तिथं!”

माझ्या आवाजाने सारे रान दचकले. मामांची रायफल खांद्याला लागेपर्यंत जाळी रिकामी झाली होती. खाली उताराकडे काटक्या मोडत गेल्या आणि मग काही ऐकू येईना. दिवस बुडत होता.

मामांनी मला काही म्हटले नाही. बाबाने जाळीपाशी एक फांदी मोडून ठेवली आणि आम्ही परतलो.

त्या रात्री विश्रामगृहात स्वयंपाक चांगला झाला होता, असे मामा म्हणाले. मला आठवत नाही. सिपनेच्या अंगाने कुठून तरी ‘पोंऽक’ अशी सांबराची हाक दोनदा आली. ते दुसरेच असणार. जखमी जनावर असे ओरडत बसत नाही. पण मी उठून बसलो.

सकाळी दवाने गवत पांढरे झाले होते आणि त्या पांढऱ्यातून काळपट पट्टा उताराला गेलेला दिसत होता. दव झाडून कुणी तरी पहाटे तिकडून गेले होते. रक्त फारसे नव्हते. बाबा खुरांवरून चालला. एक खूर ओढत गेल्याची रेघ मातीत होती. पोटात गोळी लागलेले जनावर पाण्याकडे जाते, म्हणून त्याने नदीचा रोख सोडला नाही. वाटेत दबलेले गवत लागले, की तो वाकून हात लावून बघे आणि पुढे जाई.

मैलभर खाली, डोहाच्या काठी, पुढचे पाय पाण्यात ठेवून सांबर बसले होते. जिवंत होते. आम्हाला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला. पुढचे अंग उठले, मागचे उठेना. मामांनी जवळून गोळी घातली. घड्याळात आठ वाजले होते. सोळा तास.

“रातीतून चार येळा बसलं,” बाबा मामांना म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पहिली बसकण मी मोडली होती. उरलेल्या तीन मी दिल्या होत्या.

शिंगे मामांच्या दिवाणखान्यात लागली. खाली पितळी पट्टी आणि तिच्यावर तारीख. ती तारीख गोळीच्या दिवसाची आहे. सांबर मेले ते दुसऱ्या दिवशी. आल्यागेल्याला मामा गोष्ट सांगत, तीही बारापाशीच संपे. नंतर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिंगांची नोंद करून दाखला घ्यावा लागला. त्या दाखल्यावरही ती रात्र नाही. १९७४ साली मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला.

हरणांची शिकार जिथे आजही कायदेशीर आहे, तिथे हे सारे नेमाने करतात म्हणे. जर्मनीत हॅनोव्हरचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या याच कामासाठी पोसतात, आणि स्वीडनमध्ये असे शिकवलेले कुत्रे दोन तासांच्या आत जागेवर आणता येईल, अशी तजवीज शिकाऱ्याला कायद्यानेच ठेवावी लागते. वाचले तेव्हा बाबाचे बोट आठवले.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन सेमाडोहला गेलो होतो. उघड्या जिप्सीतून रान दाखवतात. सिपनेच्या एका वळणावर चालकाने गाडी थांबवली. डोहात, पोटाएवढ्या पाण्यात, एक मोठा नर उभा होता. शिंगांवर शेवाळ लोंबत होते. नातीने हात उंचावला आणि ओरडण्यासाठी श्वास घेतला. मी तिचे मनगट धरले.

सांबराने मान वर करून आमच्याकडे पाहिले. हनुवटीवरून पाणी गळत होते. मग ते पुन्हा प्यायला लागले.

“आबा, हात सोडा ना,” ती कुजबुजली. “दुखतोय.”