भूतानचा बिगर-हंगाम आणि आमचा मोकळा महिना

भूतानला कधी जावे असे कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्चअखेरपासून मेपर्यंत. सहल कंपन्यांच्या पत्रकांवर हेच दोन हंगाम. आमच्या लालबर्र्यात मात्र या दोन्ही हंगामांत शेतकऱ्याच्या घरचे कोणी बाहेर पडू शकत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणीला येतो, मग मळणी, मग सोसायटीच्या खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा. मार्च संपता संपता गहू-हरभरा निघतो, मोहफुले पडायला लागतात. मे महिना तेंदूपत्त्याचा आणि लग्नांचा. राहतो तो मधला तुकडा, माघाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतचा. धान विकून झालेला असतो, हातात थोडे पैसे असतात, शेतात पळस फुललेला असतो आणि माणसाला करायला फारसे काही नसते. पत्रकांच्या भाषेत हा भूतानचा ‘ऑफ सीझन’.

यंदा आम्ही याच तुकड्यात जायचे ठरवले आहे. अजून गेलेलो नाही. पण तीन महिन्यांच्या आखणीत घरात जेवढी चर्चा झाली तेवढी दादाच्या लग्नातही झाली नव्हती. तुमच्यापैकी अनेक घरांत असेच आजी-आजोबा, असेच परीक्षावाले आणि अशीच मोजकी सुट्टी असेल, म्हणून ही आखणीच लिहून काढतो आहे.

जाणारे आम्ही पाच जण. बाबा, आई, दादाची बारावीतली मुलगी, तिचा नऊ वर्षांचा भाऊ आणि मी. दादा-वहिनी गव्हासाठी आणि गाईसाठी मागे राहणार.

नेपाळ सोपा होता. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौली. पण बाबा गावातल्या यात्रेकरूंसोबत पशुपतिनाथ करून आलेले आहेत. आणि भूतानचे वेड त्यांना लागले ते देवामुळे नाही, पक्ष्यांमुळे. नातवाने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पाणथळ दरी, मागे डोंगर आणि चरणारे उंच, राखाडी-पांढरे पक्षी. बाबा म्हणाले, “हे तं आपले सारसच!” सारस नव्हेत. ते काळ्या मानेचे क्रौंच, सारसाचे भाऊबंद. तिबेटच्या पठारावर त्यांची पिल्ले होतात आणि हिवाळा काढायला ते भूतानमध्ये उतरतात. मध्य भूतानातली फोब्जिखा नावाची सुमारे तीन हजार मीटर उंचीवरची दरी हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. येताना आणि जाताना ते तिथल्या गांगते मठाला तीन प्रदक्षिणा घालतात, अशी लोकांची श्रद्धा आहे.

बालाघाटच्या माणसाला सारस काय आहे हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. वैनगंगा आणि बाघ नदीच्या खोऱ्यात, इकडे बालाघाट आणि तिकडे गोंदिया, हा पक्षी धानाच्या बांधीत घरटे करतो. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदियापुरताच उरला आहे. सारस कुठे स्थलांतर करत नाही, जोडीने एकाच भागात राहतो, म्हणून शेतकऱ्याला आपल्या बांधीतली जोडी ओळखीची असते. बाबांच्या लहानपणी अशी जोडी शेतावरून दिसायची. आता मुद्दाम शोधत जावे लागते. कीटकनाशके, आटलेली तळी आणि विजेच्या तारा ही त्यामागची कारणे. तारांना लागून सारस मेल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत येतच असतात. सारसांच्या घटत्या संख्येची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून घेतली होती.

फोब्जिखात वीज पोहोचवायची वेळ आली, तेव्हा क्रौंचांना धोका नको म्हणून दरीतल्या तारा जमिनीखालून नेल्या. हे वाचून दाखवल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे पाहाले पाहिजे.” सहल तिथेच पक्की झाली.

आता अडचण. हे क्रौंच ऑक्टोबरच्या शेवटी येतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून परतायला लागतात. मार्चच्या मध्यापर्यंत दरी रिकामी होते. म्हणजे ते पाहायचे तर फेब्रुवारीचा पूर्वार्ध गाठायला हवा. आणि मध्य प्रदेश मंडळाची बारावीची परीक्षा नेमकी फेब्रुवारीत सुरू होते. पुतणीचा शेवटचा पेपर मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे.

घरात दोन पक्ष पडले. पुतणी स्वतःच म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी पेपर देते. आईने साफ सांगितले की पोरगी परीक्षेला बसली असताना मी डोंगर पाहायला जाणार नाही. माझे मत पक्ष्यांच्या बाजूने होते, कारण बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे दर हिवाळ्यात थोडे अधिक बोलतात. पुढच्या वर्षी ते तीन हजार मीटरवर जाऊ शकतील की नाही, कोण सांगणार? तिकडे पुतणीचेही तेच. जुलैनंतर ती जबलपूरला, भोपाळला की नागपूरला असेल, ठाऊक नाही. एकदा पोर शिकायला बाहेर पडले की सगळ्यांच्या सुट्ट्या एका महिन्यात बसत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन दिवस विषय तसाच लोंबकळत राहिला. तिसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, “पाखरं पुढच्या सालीही येतीन. पोरगी कुठं राहीन, काय सांगावं?” त्यांनी सारसांचा विषय पुन्हा काढला नाही. कागदावर मी मात्र फोब्जिखाची एक रात्र कायम ठेवली आहे. तिथल्या क्रौंच केंद्रात जखमी होऊन उडू न शकणारे पक्षी सांभाळतात, आणि मागे रेंगाळलेला एखादा थवा दिसलाच तर बोनस.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात काय मिळते आणि काय नाही, हेही नीट पाहिले. ऱ्होडोडेंड्रॉनचे लाल डोंगर मिळत नाहीत. ते मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये. पारोचा मोठा उत्सवही बहुधा त्याच सुमाराला असतो आणि तेव्हा हॉटेलांचे भाव चढतात. मिळते ते म्हणजे पारो-पुनाखाकडे पीच आणि प्लमच्या झाडांवरचा पहिला बहर, मोकळे रस्ते आणि कमी गर्दीचे मठ. थंडी चांगलीच. दिवसा कोवळे ऊन, पण फोब्जिखात रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी आहे का, हे आधी विचारून मगच खोली ठरवली. डोंगरखिंडीत बर्फ पडून रस्ता काही तास अडू शकतो, म्हणून एक दिवस मोकळा ठेवला आहे. थिम्फूत हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला की सरकारी सुट्टी देण्याची प्रथा आहे. हे ऐकल्यापासून धाकट्याचे भूतानबद्दलचे मत फारच उंचावले आहे.

पैशांचे सांगतो, कारण ‘ऑफ सीझन म्हणजे स्वस्त’ हे अर्धेच खरे आहे. हॉटेल आणि गाडीचे भाव खाली येतात, घासाघीस करता येते. पण भूतान सरकारचे शाश्वत विकास शुल्क कोणत्याही महिन्यात तेवढेच: भारतीयांना माणशी एका रात्रीचे १,२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, पाच वर्षांपर्यंतच्यांना माफ. आमच्या सहा रात्रींचे चौघांचे २८,८०० आणि धाकट्याचे ३,६००, एकूण ३२,४०० रुपये. हा आकडा ऐकून दादाने आधी हात जोडले. मला स्वतःला हे शुल्क पटते. तो देश सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या चौपट. आणि २०१७ च्या गणनेत तिथली लोकसंख्या सव्वासात लाखांच्या आसपास. आपल्या एका जिल्ह्याची २०११ मध्येच सतरा लाख होती. देशाचा किमान साठ टक्के भाग जंगलाखाली राहिलाच पाहिजे, असे त्यांच्या राज्यघटनेत लिहिले आहे. पाहुण्यांची झुंबड त्यांना परवडणारी नाही.

शुल्काची एक रात्र वाचवायची युक्ती आहे. लालबर्र्याहून बालाघाट, तिथून गोंदिया, मग मुंबई-हावडा मार्गावरची गाडी. कोलकात्यात सियालदहहून रात्रीची कांचनकन्या एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी हासीमारा. तिथून सीमेवरचे जयगाव तासाभरावर. त्याच दिवशी पुढे थिम्फूचा पाच-सहा तासांचा घाट चढण्यापेक्षा रात्र जयगावला, भारताच्या बाजूला काढायची. पैसेही वाचतात आणि बाबांची पाठही. शिवाय आपण तीनशे मीटरवर राहणारी माणसे. तेवीसशे मीटरवरच्या थिम्फूत दोन रात्री काढून मगच वर जाणे बरे, असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले. त्यानंतर फोब्जिखा एक रात्र, पुनाखा एक, पारो दोन. विमानाने बागडोगरा किंवा थेट पारो गाठता येते, पण पाच तिकिटांचा हिशेब केला आणि तो कागद घडी घालून ठेवला.

कागदपत्रांचे काम लवकर सुरू करा. आधार कार्ड तिथे चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते, आणि अठराखालच्यांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला. खेड्यात जन्मतारखेचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला अशीच समजूत असते. पुतणीचा जन्मदाखला काढायला मला तीन चकरा पडल्या. मुलांचे आईवडील सोबत नाहीत, म्हणून दादा-वहिनीचे संमतीपत्रही घेऊन ठेवले आहे. नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी भूतान सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्या, कोणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. आपला रुपया तिथे चालतो, त्यांच्या ङुल्ट्रमच्या बरोबरीने. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, आणि होळीच्या आसपास बंगालकडच्या गाड्या भरून जातात.

पारोच्या कड्यावरचा तक्त्सांग मठ सगळ्यांना चढायचा असतो. चढण बरीच आहे, येऊन-जाऊन चार-पाच तास. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच मिळतो आणि उतरताना नाहीच. बाबांना त्या दिवशी पारोतल्या क्यीचू मंदिरात नेणार. सातव्या शतकातले, सपाट जागेवरचे. आई म्हणते ती त्यांच्यासोबत थांबेल, पण तिच्या आवाजावरून मला वाटते की ती चढणार.

बाबांना खरे तर पुनाखाची ओढ वाढते आहे. पो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये बांधलेला किल्ला, आणि खोऱ्यात धानाची शेती. भूतानचा लाल तांदूळ प्रसिद्ध. आपल्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाबा दुसऱ्यांच्या तांदळाकडे जरा वरून पाहतात. दोन किलो चिन्नोर सोबत घ्यायचा, तिथल्या कोणा शेतकऱ्याला द्यायचा आणि त्याचा लाल तांदूळ मागून आणायचा असा त्यांचा बेत आहे. सीमेवर तांदूळ नेऊ-आणू देतात का, ते मी अजून विचारायचे आहे.

गाईडला विचारायचे प्रश्न बाबांनी खताच्या पावतीच्या मागे लिहून ठेवले आहेत. तारा जमिनीत गेल्यावर बिघाड कसा शोधतात? बटाट्याच्या शेतात क्रौंच उतरला तर नुकसानभरपाई मिळते का? धानाला भाव कोण ठरवतो? चौथा प्रश्न खाली वेगळ्या शाईत, पुतणीच्या अक्षरात आहे: फोब्जिखात मोबाईलला रेंज येते का.